घरात तार कोण ओढतो? वीज कंत्राटदाराच्या परवान्याचा अर्थ

आपल्या देशात घर बांधणाऱ्या कंत्राटदाराला केवळ कंत्राटदार म्हणून सरकारी परवाना लागत नाही. त्याच घरात विजेची तार ओढणाऱ्याला मात्र लागतो. ही तफावत अनेकांना ठाऊक नसते. त्यामुळे गवंडीकाम करणाऱ्याच्याच ओळखीचा कोणी ‘इलेक्ट्रिशियन’ येतो, भिंती खोदून नळ्या बसवतो, तारा ओढतो आणि निघून जातो. त्याच्याकडे परवाना आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. अर्जासोबत एक चाचणी अहवाल जोडला जातो, मीटर बसतो, दिवे लागतात. पुढे कधी कोणाला धक्का बसला किंवा आग लागली, तर त्या अहवालावर सही करणारा माणूस घरमालकाने पूर्वी पाहिलेलाही नसतो.

हा प्रकार नेमका कसा घडतो, हे समजण्यासाठी इंदूरच्या परदेशीपुऱ्याकडे पाहणे उपयोगी ठरेल. होळकरांच्या या जुन्या राजधानीत मराठी भाषकांची वस्ती मोठी आहे. शहराच्या कापड गिरण्यांच्या पट्ट्यात परदेशीपुरा वसला. ‘परदेशी’ हा शब्द जुन्या मराठीत परप्रांतातून आलेल्यांसाठी वापरला जाई. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि इतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले. परदेशीपुऱ्यात इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्स उभे राहिले. अशा जुन्या कामगार वस्त्यांत घरांचे स्वरूप हळूहळू पालटते. तळमजल्यावर दुकान येते, वर एक मजला चढतो, मग दुसरा. पंखा आणि दोन दिव्यांसाठी ओढलेल्या तारांवर गिझर, शीतयंत्र, पाण्याचा पंप आणि एखादे छोटे यंत्र यांचा भार पडतो. प्रत्येक वेळी कोणीतरी ‘थोडीशी’ तारजोडणी वाढवतो. कायद्याच्या दृष्टीने ही थोडीशी जोडणीही परवानाधारकाचेच काम आहे.

सारखे दिसणारे, पण वेगळे कागद

बांधकाम व्यवसायात नोंदणीचे अनेक कागद फिरतात आणि त्यांत गल्लत होते. सार्वजनिक बांधकाम खात्याकडील नोंदणी ही सरकारी निविदा भरण्यासाठी असते. खाजगी घर बांधण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही आणि नोंदणी नसली म्हणून तो जातही नाही. स्थावर संपदा कायदा, २०१६ प्रकल्पांची आणि दलालांची नोंदणी करतो. तार ओढणाऱ्याची नाही. कामगार कायद्यांखालील नोंदणी मजुरांच्या हितासाठी असते. वस्तू व सेवा कराचा क्रमांक हा कराचा विषय आहे. यांपैकी एकही कागद त्या माणसाला विजेचे काम येते की नाही, हे सांगत नाही.

ते सांगणारा कागद वेगळा आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ५३ नुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुरक्षेचे विनियम करते. सध्या लागू असलेले विनियम २०२३ चे आहेत. त्यांनी २०१० च्या विनियमांची जागा घेतली. मूळ तत्त्व मात्र त्याहून जुने आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ मध्येही हेच सांगितले होते. नियम देशभर एकच असला, तरी परवाना देण्याचे काम राज्य शासनाचे असते. मध्य प्रदेशात अनुज्ञापन मंडळ ते पाहते, तर इतर राज्यांत त्या त्या शासनाचे परवाना मंडळ.

तीन माणसे, तीन कागद

नियमाचा आशय थोडक्यात असा. ग्राहकाच्या जागेत विजेची नवी मांडणी, वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती करायची असेल, तर ती राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या वीज कंत्राटदारानेच करावी. ते काम सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे. प्रत्यक्ष हात लावणाऱ्या तारतंत्र्याकडे, म्हणजे ज्याला आपण वायरमन म्हणतो त्याच्याकडे, परवाना असावा. अपवाद अगदी मोजके आहेत. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलणे एवढेच अनुज्ञप्तीविना करता येते, आणि तेही मांडणीची क्षमता व स्वरूप बदलत नसेल तर. जळालेला दिवा घरमालकाने बदलावा. शीतयंत्रासाठी नवी तार ओढू नये.

ही तीन पायऱ्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. कंत्राटदार हा व्यवसायाची आणि उत्तरदायित्वाची बाजू सांभाळतो. पर्यवेक्षक तांत्रिक निर्णय घेतो: तारेची जाडी किती, किती मंडले, भूसंपर्कन कुठे. तारतंत्री हाताने काम करतो. कंत्राटदाराला अनुज्ञप्ती मिळवताना आपल्याकडे पात्र पर्यवेक्षक व तारतंत्री आहेत आणि मेगरसारखी चाचणीची उपकरणे आहेत, हे दाखवावे लागते. अनुज्ञप्तीला मुदत असते आणि तिचे नूतनीकरण करावे लागते.

आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना, असा समजही सर्वत्र आढळतो. परदेशीपुऱ्याच्या शेजारी नंदानगरात शासकीय आयटीआय आहे. तेथे किंवा अन्यत्र इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या तरुणाला शिक्षणाचा पुरावा मिळतो. परवान्यासाठी त्याला मंडळाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. शिक्षण आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकीय पदवी आणि वैद्यक परिषदेची नोंदणी यांत जसा भेद आहे, तसाच.

सही एवढी महत्त्वाची का?

विद्युत निरीक्षक येऊन घराची तपासणी करतो, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. राज्य शासनाने ठरवून दिलेल्या दाबाच्या वरच्या मांडण्या निरीक्षक तपासतो. त्याखालच्या बहुतेक मांडण्यांसाठी स्वप्रमाणनाची पद्धत आहे. १५ मीटरहून उंच इमारतींना निरीक्षकाकडे जावे लागते. दोन किंवा तीन मजली घर, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी वास्तू सामान्यतः त्या उंचीत येत नाही. म्हणजे परदेशीपुऱ्यातील, किंवा म्हापसा आणि मडगावच्या गल्लीतील, साध्या घराच्या बाबतीत परवानाधारकाची सही हीच भिंतीआडच्या तारांची मुख्य तपासणी ठरते.

ही सही करण्यापूर्वी काही मोजमापे व्हायला हवीत. मांडणीवर ५०० व्होल्टचा एकदिश दाब एक मिनिट देऊन तारांच्या आवरणाचा रोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम भरावा, असा दंडक आहे. भूसंपर्काचा रोध मोजतात. गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन चालते की नाही, तेही पाहतात. घरगुती वापरात हे साधन साधारणतः ३० मिलीअँपिअरचे असते. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्याचा जीव वाचवणारे साधन हेच. नुसता फ्यूज ते काम करत नाही, कारण माणसाला मारणारा प्रवाह फ्यूज वितळवण्याइतका मोठा नसतो. यांतले एकही मोजमाप डोळ्यांनी किंवा टेस्टरने होत नाही.

आता या अहवालावरचा भार वाढला आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांविषयीच्या २०२० च्या केंद्रीय नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार नवी जोडणी महानगरांत ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत द्यायची आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु पुरवठादाराचा वेळ जितका कमी, तितका चाचणी अहवालावरचा विश्वास अधिक. आणि तो अहवाल खोटा असेल, तर धोकाही अधिक.

भाड्याची सही

नियमाचा खरा भंग बहुधा येथेच होतो. काम विनापरवाना माणसाने करायचे आणि अहवालावर कोणा अनुज्ञप्तीधारकाने जागा न पाहता पैसे घेऊन सही करायची, हा प्रकार या व्यवसायात कोणालाही नवा नाही. घरमालकाला तो सोयीचा वाटतो, कारण खर्च कमी आणि जोडणी लवकर. वस्तुतः त्याने एक कागद विकत घेतलेला असतो, तपासणी नव्हे. परवानाधारकाकडून न झालेल्या मांडणीत वीज सोडू नये आणि ती पुरवठादाराच्या यंत्रणेला जोडू नये, असा नियम आहे. मीटरपलीकडच्या तारांची जबाबदारी ग्राहकाची असते. म्हणून अपघातानंतर ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर फारसे तारत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मृत्युमुखी पडतात. मध्य प्रदेश या बाबतीत आघाडीच्या राज्यांत आहे. यांत शेतातल्या तारा आणि उघड्या वाहिन्यांचे बळीही असतात. सारेच घरातले नव्हेत.

आगीच्या बाबतीत तर कारण ठरवतानाही सावध राहावे लागते. ७ मे २०२२ रोजी इंदूरच्या विजयनगर भागातील स्वर्णबाग वसाहतीत एका इमारतीला आग लागून सात जणांचा मृत्यू झाला. प्रारंभी शॉर्ट सर्किटचा संशय व्यक्त झाला. पुढे तपासात एकाने वाहन पेटवून दिल्याचे समोर आले. ‘शॉर्ट सर्किट’ हा शब्द आपल्याकडे चौकशी संपवण्यासाठी वापरला जातो. खरे तर तेथून चौकशी सुरू व्हायला हवी. वीज अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये विजेमुळे झालेल्या अपघाताची सूचना आणि चौकशी यांची तरतूद आहे. मांडणी कोणी केली, चाचणी कोणी केली, त्यानंतर भार कोणी वाढवला, या प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री असतील तरच त्या चौकशीला अर्थ.

राज्याची सीमा ओलांडताना

गोव्यातील वाचकांसाठी याहून जवळचा एक मुद्दा आहे. नियमात राज्य शासनाने ‘दिलेला किंवा मान्य केलेला’ परवाना असे शब्द आहेत. मध्य प्रदेशात मिळालेला तारतंत्र्याचा परवाना गोव्यात आपोआप चालतो, असा त्याचा अर्थ नाही. येथील शासनाने तो मान्य केलेला असावा लागतो. आज गोव्यातील बांधकामांवर अनेक राज्यांतून आलेले कुशल कारागीर काम करतात. त्यांच्यात उत्तम शिकलेले, परवाना असलेले तारतंत्रीही आहेत. त्यांचा कागद येथे मान्य करून घेतला नाही, तर चांगला कारागीर विनापरवाना ठरतो आणि त्याच्या कामावर दुसऱ्याची सही लागते. भाड्याच्या सहीला अशाने आयते गिऱ्हाईक मिळते.

येथे परप्रांतीय कारागिरावर संशय घेऊन काही साधत नाही. त्याचा परवाना लवकर तपासून मान्य करणारी व्यवस्था हवी. परदेशीपुऱ्याच्या नावातच हे शहाणपण आहे. बाहेरून आलेल्या हातांवर गिरण्या चालल्या. आज आपल्या इमारती तशाच हातांवर उभ्या राहत आहेत.

उत्सवाचा मंडपही यातच येतो

इंदूरमध्ये अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या विद्युत रोषणाईच्या झाँक्या निघतात. ही परंपरा सुमारे शंभर वर्षांची आहे. गिरण्या बंद पडल्या तरी कामगारांनी ती टिकवली. गोव्यातही जत्रा, दिंड्या आणि सार्वजनिक गणेशोत्सव दिव्यांवाचून होत नाहीत. वीज अधिनियमाच्या कलम ५४ नुसार जेथे १०० किंवा अधिक माणसे जमण्याचा संभव असतो, अशा ठिकाणी ठरावीक मर्यादेवर वीज वापरण्यापूर्वी विद्युत निरीक्षक व जिल्हा प्रशासनाला लेखी सूचना द्यावी लागते. पावसाळी चिखल, लोखंडी खांब, गर्दी आणि उघडे जोड एकत्र आले की तात्पुरती मांडणी घरातल्या मांडणीहून अधिक घातक होते. ‘तीन दिवसांचाच प्रश्न आहे’ हे समर्थन विजेला कळत नाही.

काय मागावे?

घरमालकाने चार गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी मागाव्यात. कंत्राटदाराच्या अनुज्ञप्तीची प्रत आणि तिची मुदत. पर्यवेक्षकाचे नाव व प्रमाणपत्र क्रमांक. तारतंत्र्याचा परवाना, आणि तो परराज्याचा असल्यास येथील मान्यता. कामानंतर चाचणी अहवाल, ज्यात नुसती सही नव्हे, तर मोजलेले आकडे असतील. मोजणी आपल्यासमोर करावी, असा आग्रह धरण्यात अपमान कोणाचाच नाही. मंडल कोणते कुठे जाते, याचा साधा आराखडा फळीच्या झाकणात चिकटवून ठेवला, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती सोपी होते.

शासनाकडे मागण्यासारखे एकच आहे, पण ते मोठे आहे: परवानाधारकांची अद्ययावत सार्वजनिक सूची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वीज, नळकाम अशा प्रत्येक विशेष कामासाठी कंत्राटदाराचा वेगळा परवाना असतो आणि क्रमांक टाकताच कोणालाही त्याची स्थिती पाहता येते. आपल्याकडे विजेचा नियम तेवढाच कडक आहे. पण परवाना चालू आहे, संपला आहे की रद्द झाला आहे, हे सामान्य माणसाला पाच मिनिटांत कळायला हवे. ज्या सहीच्या भरवशावर घरातली माणसे निर्धास्त झोपतात, ती कोणाची आहे हे जाणून घेण्याचा त्यांना हक्क आहे.