कारागिराची कामाची गाडी

कारागिराची कामाची गाडी म्हणजे नळकारागीर, वीजतंत्री, वेल्डर, सुतार, पंपदुरुस्ती करणारे इत्यादी व्यावसायिक आपली हत्यारे, सुटे भाग व कच्चा माल घेऊन ग्राहकाच्या ठिकाणी जाण्यासाठी वापरतात ते लहान मालवाहू वाहन होय. अशा वाहनात फळ्या, पेट्या, शिडीचा सांगाडा व कुलुपे बसवून ते एकाच वेळी कोठार आणि फिरती कार्यशाळा म्हणून वापरता येते. कारागिराचे बहुतेक भांडवल या गाडीत असल्यामुळे तिची मांडणी आणि सुरक्षा यांवर त्याची रोजची कमाई अवलंबून असते.

पार्श्वभूमी

हत्यारांसह कामाच्या ठिकाणी जाण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. न्हाव्याची धोकटी हे तिचे सर्वात लहान रूप होते. घिसाडी समाजातील कारागीर भाता, ऐरण व हातोडे बरोबर घेऊन गावोगाव फिरत आणि शेतीची अवजारे घडवून किंवा दुरुस्त करून देत. मोटारवाहने आल्यावर हे काम आधी सायकल व तीनचाकी टेम्पोकडे आणि नंतर चारचाकी लहान वाहनांकडे गेले. १९८४ साली बाजारात आलेली मारुती व्हॅन (पुढे ओम्नी) आणि २००५ साली आलेली टाटा एस ही या बदलातील महत्त्वाची वाहने होत. टाटा एस ‘छोटा हत्ती’ या नावाने ओळखली जाते. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. त्याच वर्गातील ईको हे वाहन २०१० पासून उपलब्ध आहे.

वऱ्हाडातील स्थिती

अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव व बाजारपेठ आहे. तळेगाव दशासर, मंगरूळ दस्तगीर, अंजनसिंगी यांसारख्या गावांतील विहिरींवरचे पंप, ठिबक सिंचन, घरगुती वीजजोडणी यांची कामे अशा बाजारपेठेतील कारागिरांकडे येतात. शेतात गेल्यावर एखादा सुटा भाग नसल्याचे लक्षात आले, तर गावात परत यावे लागते आणि तोवर ओलीत थांबते. म्हणून गाडीत काय असावे व ते कोठे असावे, हे आधीच ठरवलेले असणे गरजेचे ठरते.

येथील हवामान व जमीन यांचाही मांडणीवर परिणाम होतो. उन्हाळ्यात तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि बंद पत्र्याच्या गाडीत ते त्याहून बरेच वाढते. त्यामुळे पीव्हीसीचे चिकटद्रव्य, रंग, स्प्रेचे डबे व लिथियम बॅटरी गाडीत दिवसभर ठेवणे धोक्याचे असते. पावसाळ्यात काळ्या मातीचे पांदण रस्ते चिखलाने भरतात. अशा वेळी जास्त भरलेली गाडी रुतते.

अंतर्गत मांडणी

मांडणीपूर्वी वजनाचा हिशेब करतात. नोंदणी प्रमाणपत्रात वाहनाचे रिकामे वजन व कमाल भारासहित वजन दिलेले असते. या दोहोंतील फरकात फळ्या, पेट्या, माल, चालक आणि मदतनीस या सर्वांचे वजन बसले पाहिजे. उदाहरणार्थ, हा फरक ७५० किलो असेल आणि सांगाडा व पेट्यांचे वजन २०० किलो झाले, तर माणसे व माल यांसाठी ५५० किलोच उरतात.

जमिनीवर जलरोधक प्लायवूड किंवा उठावाचा पत्रा टाकतात. लोखंडी अँगलचा सांगाडा गाडीच्या मूळ चौकटीला बोल्टने जोडतात. नुसत्या पत्र्याला जोडलेला सांगाडा हादऱ्यांनी सुटतो. मोटर, वेल्डिंग यंत्र यांसारख्या जड वस्तू खाली व चाकांच्या आसांच्या दरम्यान ठेवतात, तर हलक्या वस्तू वर ठेवतात. त्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका कमी होतो. दोन्ही बाजूंचे वजनही सारखे ठेवावे लागते. रोज लागणारी हत्यारे मागच्या दाराजवळ असतात.

गाडीच्या बॅटरीवरून दिवा किंवा इन्व्हर्टर चालवायचा असल्यास बॅटरीजवळच फ्यूज बसवतात. तसे न केल्यास घासलेल्या तारेमुळे आग लागू शकते. ॲसिटिलीनचे सिलिंडर उभे बांधतात, कारण त्यातील वायू ॲसिटोनमध्ये विरघळलेला असतो आणि आडव्या सिलिंडरमधून तो द्रव बाहेर येऊ शकतो. गॅस सिलिंडर बंद जागेत ठेवल्यास गळती साचून स्फोट होऊ शकतो. म्हणून हवा खेळती असलेली जागा आवश्यक असते.

सामान बांधणे

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबली, तर मोकळी पेटी त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग सुमारे १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. म्हणून चालकाच्या मागे भक्कम जाळी किंवा पत्र्याची भिंत बसवतात. युरोपीय मानकानुसार बांधणीने पुढील दिशेला मालाच्या वजनाच्या ०.८ पट आणि बाजूंना व मागे ०.५ पट बल पेलले पाहिजे. साध्या सुतळीपेक्षा खटका असलेले पट्टे यासाठी अधिक विश्वसनीय असतात.

चोरीपासून संरक्षण

चोरीमुळे हत्यारांच्या किमतीबरोबरच ती पुन्हा घेईपर्यंतची मजुरीही बुडते. दाराच्या कडी-कोयंड्यासाठी गोल डोक्याचे बोल्ट वापरून त्यांच्या चाक्या आतून आवळतात, म्हणजे ते बाहेरून फिरवता येत नाहीत. बिजागरीची खीळ वेल्डिंगने पक्की करतात. महाग यंत्रांसाठी जमिनीला बोल्टने जोडलेली स्वतंत्र पेटी असते. मागचे दार भिंतीला लागेल अशा रीतीने गाडी उभी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. रात्री यंत्रे घरात नेणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. हत्यारांवर खूण कोरून त्यांचे अनुक्रमांक, छायाचित्रे व पावत्या जपून ठेवल्यास तक्रार देताना आणि सापडलेला माल ओळखताना उपयोग होतो. वाहनाच्या सामान्य विम्यात आतील हत्यारे सहसा येत नाहीत. त्यांचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा प्रत्येक बदल ५,००० रुपये दंडास किंवा सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. मर्यादेबाहेर आलेल्या मालासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड आहे. नळाचे पाइप साधारणपणे ६ मीटर लांबीचे असतात, तर टाटा एसची मूळ लांबी सुमारे ३.८ मीटर आहे. त्यामुळे पाइप कापून नेणे किंवा मोठे वाहन भाड्याने घेणे योग्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार मालवाहतुकीच्या वाहनातून केलेल्या चोरीस सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे.