एका पत्त्यावर दररोज १३ कोटी हेलपाटे

वेबची मानके ठरविणाऱ्या ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ (डब्ल्यूथ्रीसी) या संस्थेने फेब्रुवारी २००८ मध्ये एक तक्रार जाहीरपणे मांडली. वर्षानुवर्षे ज्यांत काडीचाही बदल झालेला नाही अशा काही लहान फायलींसाठी संस्थेच्या सर्व्हरवर दिवसाला १३ कोटींपर्यंत मागण्या येत होत्या. त्या पुरविताना सेकंदाला ३५० मेगाबिट इतकी बँडविड्थ सतत खर्ची पडत होती. मागणारी माणसे नव्हती. जगभरातील प्रोग्रॅम होते.

या फायली म्हणजे ‘डॉक्युमेंट टाइप डेफिनिशन’, अर्थात डीटीडी. निरनिराळ्या संगणकांना माहितीची देवाणघेवाण करता यावी म्हणून १९९८ मध्ये एक्सएमएल ही खूणभाषा प्रमाणित झाली. एखाद्या दस्तऐवजात कोणत्या खुणा असाव्यात, त्यांचा क्रम काय, कोणती संक्षिप्त चिन्हे चालतील, याची नियमावली म्हणजे डीटीडी. दस्तऐवजाच्या आरंभी ‘डॉकटाइप’ या ओळीत तिचे नाव आणि बहुधा वेबवरील पत्ताही दिलेला असतो.

घोटाळा होतो तो या पत्त्यामुळे. दस्तऐवज वाचणारा ‘पार्सर’ पत्ता दिसताच नियमावली आणावयास धावतो. अनेक पार्सरांची ती मूळची सवयच असते. हजार दस्तऐवज वाचावयाचे तर हजार हेलपाटे! घरात शब्दकोश असताना प्रत्येक शब्दासाठी ग्रंथालय गाठण्यासारखाच हा प्रकार. प्रोग्रॅम मंदावतो, इंटरनेट नसेल तर अडून बसतो आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कारणाचा पत्ताही नसतो.

परावलंबनाचा हा धोका जानेवारी २००७ मध्ये प्रत्ययास आला. बातम्यांच्या ‘आरएसएस ०.९१’ या स्वरूपाची डीटीडी नेटस्केपच्या सर्व्हरवर होती. ती तेथून नाहीशी होताच, तिच्यावर विसंबलेल्या वाचक-प्रोग्रॅमना धड असलेल्या बातम्याही उघडता येईनात. पुढे ती फाईल पुन्हा ठेवण्यात आली. डब्ल्यूथ्रीसीनेही वारंवार तीच फाईल मागणाऱ्यांना ‘सेवा उपलब्ध नाही’ असे उत्तर देण्याचा मार्ग अवलंबिला.

उपाय साधा आहे. डीटीडीची प्रत आपल्या प्रोग्रॅमसोबतच ठेवावी आणि पार्सरला तिची जागा सांगावी. जावा भाषेत ‘एंटिटी रिझॉल्व्हर’ ही सोय त्यासाठीच आहे. पार्सर तिच्याकडे नियमावलीचे नाव व पत्ता सोपवितो आणि ती स्थानिक फाईल हाती देते. नियमावल्या पुष्कळ असतील तर ‘एक्सएमएल कॅटलॉग’ वापरावा. कोणत्या नावासाठी कोणती फाईल, याची ती यादीच असते. जावाच्या २०१७ मधील नवव्या आवृत्तीपासून कॅटलॉगची सोय अंगभूत आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’च्या २०१० मधील चौथ्या आवृत्तीत तर एक्सएचटीएमएल १.० व आरएसएस ०.९१ यांच्या डीटीडी आधीच भरलेला रिझॉल्व्हर देण्यात आला.

डीटीडी वाचणेच बंद केले तर? काही पार्सरांत तशी सोय आहे. पण दस्तऐवजातील संक्षिप्त चिन्हांचा अर्थ डीटीडीतच दिलेला असेल, तर वाचन अडते किंवा मजकूर गळतो. प्रत ठेवतानाही एक पथ्य पाळावे लागते. एक्सएचटीएमएल १.० ची मुख्य डीटीडी चिन्हांच्या आणखी तीन फायली बोलावते. त्या सोबत नसतील तर प्रोग्रॅम पुन्हा बाहेर धावतो.

याला सुरक्षिततेची बाजूही आहे. परक्या दस्तऐवजात कोणी वेबऐवजी आपल्याच सर्व्हरवरील गुप्त फाईलचा पत्ता घातला, तर भाबडा पार्सर तीही उघडतो. ‘ओवास्प’ संस्थेच्या २०१७ च्या दहा प्रमुख धोक्यांच्या यादीत हा हल्ला चौथा होता. म्हणून रिझॉल्व्हरने ओळखीच्या नावांनाच फाईल द्यावी व अनोळखी पत्ता थेट नाकारावा. जावात येथे नेमकी चूक होते. रिझॉल्व्हरने काहीच उत्तर दिले नाही, तर पार्सर त्याला नकार न समजता नेहमीच्या वाटेने मूळ पत्ता गाठतो. नकार हवा असेल तर तो त्रुटी म्हणून स्पष्ट नोंदवावा लागतो.

डॉकटाइपमधील पत्ता ही नियमावलीची ओळख आहे. दर वेळी तेथे जाण्याची आज्ञा नव्हे. एवढा भेद पाळला तर आपला प्रोग्रॅम वेगाने व निर्धास्तपणे चालतो आणि सर्वांसाठी विनामूल्य चालणाऱ्या सर्व्हरवरील विनाकारण भारही टळतो.