आवाजावर आवाजाचा उतारा

भोसरी-चाकणमध्ये वीज गेली की कारखान्यांचे जनरेटर सुरू होतात. कुंपणापलीकडच्या खोल्यांत आवाज मोठा वाटत नाही, पण तावदानं थरथरतात आणि छातीत काहीतरी घुमत राहतं.

नियम आहे. 1 जानेवारी 2005 पासून बनलेल्या, 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज कॅनोपीपासून, म्हणजे त्याच्या बंदिस्त आवरणापासून, एक मीटरवर 75 डीबी(ए)च्या आत हवा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तशी चाचणी घेऊन प्रमाणपत्र देतात. खोट आहे ती त्या ‘ए’मध्ये. माणसाच्या कानाला धरून केलेल्या या मोजणीत 63 हर्ट्झचा आवाज तब्बल 26 डेसिबलनं कमी धरला जातो. जनरेटर उत्तीर्ण होतो, घुमणं शिल्लक राहतं.

कॅनोपीही तिथं हतबल ठरते. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 1500 फेऱ्या घेतं. फेरीमागे तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला 75. हवेत या आवाजाची तरंगलांबी साडेचार मीटरच्या आसपास. तो नीट शोषायचा तर अस्तर तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढं, मीटरभराहून जाड लागेल.

पाउल ल्यूग या जर्मन संशोधकाला 1936 मध्ये अमेरिकी पेटंट मिळालं ते वेगळ्याच वाटेसाठी: आवाजाच्या शिखरावर तेवढाच खोलगा आणून ठेवायचा. कल्पना पक्की होती, पण तिला पेलणारे डिजिटल प्रोसेसर यायला दशकं लागली. आज डक्टच्या तोंडाशी एक माइक आवाज टिपतो, पुढचा स्पीकर उलट तरंग सोडतो आणि शेवटचा माइक उरलेला आवाज मोजून प्रोसेसरला सतत दुरुस्ती सांगतो. पहिला माइक आणि स्पीकर यांत 3.4 मीटर अंतर असेल तर गणिताला 10 मिलिसेकंद मिळतात. अर्ध्या मीटरच्या चौकोनी डक्टमध्ये सुमारे 340 हर्ट्झखालचा आवाज सरळ, सपाट तरंगासारखाच पुढे जातो, म्हणून एक स्पीकर पुरतो. जाड अस्तराला जे जमत नाही, तेच इथं सोपं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उघड्या प्रेस शॉपमध्ये मात्र हे यंत्र विकायला कुणी आलं तर सावध राहावं. चहूबाजूंनी आवाज येणाऱ्या जागेत 100 हर्ट्झलाही शांततेचा गोळा जेमतेम 34 सेंटिमीटर व्यासाचा, एका डोक्यापुरता. तिथल्या कामगाराला कानाचं संरक्षणच हवं.

जनरेटरच्या एक्झॉस्टमध्ये उष्णता आणि काजळी स्पीकरला टिकू देत नाहीत. त्यामुळे सुरुवात ब्लोअर आणि वायुवीजनाच्या थंड डक्टपासून करावी, आणि चाचणीच्या कागदावर डीबी(ए)शेजारी 63 व 125 हर्ट्झचे आकडे वेगळे लिहावेत.