पालावरचा संडास : कायदा माणसं मोजतो, आपण कोयते मोजतो

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की, इमारत कायमची असेल तर संडास-मुतारीचे नियम आम्हाला माहीत आहेत. पण कामच चार महिन्यांचं असेल आणि राहणं पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर कोपीत असेल, तर काय? आज त्याच प्रश्नावर बोलू. उदाहरण आपल्या धाराशिव जिल्ह्यातलंच घेऊ.

दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम, परंडा या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. आणि आपल्याच जिल्ह्यात, ढोकीला किंवा रांजणीला, कारखान्याच्या आसपास बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या कोप्या पडतात. या कोप्यांत चूल असते, पाण्याचा ड्रम असतो, लेकरांची झोळी असते. संडास बहुतेक ठिकाणी नसतो. बायका पहाटे अंधारात बाहेर जाऊन येतात आणि मग थेट रात्रीच. मधले बारा-चौदा तास पाणीच कमी प्यायचं, हा त्यांचा उपाय.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. पहिली गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : जागा तात्पुरती आहे म्हणून संडासातून सूट मिळते, असं कायदा कुठंही म्हणत नाही. १९४८ चा कारखाने कायदा कारखान्याच्या आवाराला लागू होता. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा कंत्राटदाराच्या मजुरांसाठी पुरेसे संडास आणि मुताऱ्या मागत होता. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्याचं ३३ वं कलम तर खास अशाच जागांसाठी होतं, कारण बांधकामाची जागा ही तात्पुरतीच असते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम घ्या. मातीकाम आज इथं, उद्या चार किलोमीटर पुढं. तिथंसुद्धा मजूर कामावर असेल तितका वेळ संडास त्याच्या जवळ आणि उघडा असला पाहिजे. हे सगळे कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत घेतले आहेत. त्या संहितेत पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी अशा तिघांसाठी वेगळी सोय सांगितली आहे.

किती संडास हवेत? कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत हिशोब सोपा आहे. दर २५ स्त्रियांमागं एक. पुरुषांसाठी पहिल्या शंभरापर्यंत दर २५ मागं एक आणि पुढं दर ५० मागं एक. वर छप्पर हवं, आडोसा हवा, दाराला आतून कडी हवी. बाहेर मजुरांना समजेल अशा भाषेत पाटी हवी आणि बाईचं किंवा पुरुषाचं चित्र हवं, कारण वाचता न येणाराही कामाला असतो.

दुसरा हिशोब प्लंबिंगच्या बाजूनं येतो. राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ ची, तिच्या नवव्या भागात पाणी, सांडपाणी आणि स्वच्छतेची कोष्टकं आहेत. कारखान्याच्या कोष्टकाप्रमाणे ६० पुरुषांना ३ संडास लागतात, पण ६० बायकांना ५. पहिल्या हिशोबानं दोघांनाही तीन-तीनच येतात. हा फरक का? पुरुषांचं अर्धं काम मुतारीत होतं. बाईला प्रत्येक वेळी बंद संडासच लागतो, लुगडं सावरायचं असतं, पाळी असते, अंगावरचं मूल बरोबर असतं. वेळ जास्त लागतो, म्हणून जागा जास्त लागते. यात मेहेरबानी काही नाही, साधं गणित आहे.

पण मंडळी, खरी गोम पुढं आहे. आपल्याकडं ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम सांगतो, ‘माझ्याकडं तीस कोयते.’ म्हणजे साठ माणसं झाली, लेकरं वेगळी. करार आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. त्यामुळं कागदावर तीस पुरुष दिसतात आणि बाई एकही नाही. आता दर २५ स्त्रियांमागं एक हा नियम लावा बघू. शून्याला पंचवीसनं भागलं तर उत्तर शून्य! नियम मोडावाही लागत नाही, बाई मोजलीच नाही की काम झालं. म्हणून मी म्हणतो, संडासाची सुरुवात खड्ड्यापासून होत नाही, हजेरीच्या वहीपासून होते.

दुसरी पळवाट जबाबदारीची. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, ऊस कारखान्याचा. शेतकरी म्हणतो, माझ्या रानात दोनच दिवस आहेत. कंत्राटी कायद्याचं २० वं कलम याला उत्तर देत होतं : कंत्राटदारानं सोय केली नाही तर मूळ मालकानं करायची आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करायचा. पण त्या कायद्याला संख्येची अट होती. मूळ कायद्यात ती २० मजुरांची होती, महाराष्ट्रानं पुढं ५० केली, नव्या संहितेतही ५० आहे. म्हणजे वीस कोयत्यांची टोळी चाळीस माणसांची असूनही अटीच्या बाहेर राहू शकते. याचा अर्थ सोय करायला मनाई आहे असा नाही, सक्ती ढिली पडते एवढाच.

आणि सरकारी कामावर तरी काय होतं? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात कामाच्या जागेवर पिण्याचं पाणी, मुलांसाठी सावली आणि प्रथमोपचार पेटी सांगितली. संडास त्या यादीत नव्हता.

याची किंमत शरीर मोजतं. लघवी दाबून ठेवली, पाणी कमी प्यालं की जळजळ आणि संसर्ग होतो. मग दुखणं, मग खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. २०१९ मध्ये सरकारी समितीनं शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. एकट्या संडासामुळं हे झालं असं मी म्हणणार नाही. गरिबी, चुकीचे वैद्यकीय सल्ले, लवकर लग्नं, खाड्याची भीती असं बरंच काही त्यात आहे. पण स्वच्छ जागा आणि पाणी नसणं हे त्यातलं एक कारण आहेच. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेतली.

आता बांधायचं कसं? आपल्याकडं दोन अडचणी. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही; साधा शोषखड्डा लवकर तुंबतो. तिथं खड्डा मोठा घ्यायचा आणि भोवती वाळूचा थर द्यायचा. दुसरीकडं, खाली भेगांचा काळा पाषाण असेल तर उलटं होतं : पाणी भेगांतून थेट विहिरीत जातं. तिथं शोषखड्डा टाळून बंद टाकीच घ्यावी. भांडं तीव्र उताराचं, ग्रामीण पद्धतीचं घ्या. त्याच्या पाणसीलात २० मिलिमीटर पाणी असतं, दीड-दोन लिटरमध्ये ते साफ होतं. दुष्काळी भागात दहा लिटरचं फ्लश लावणं म्हणजे पहिल्या आठवड्यात कुलूप.

प्रश्न : टोळी दर आठ-पंधरा दिवसांनी हलते. संडास कसा हलवायचा?

चांगला प्रश्न. आधी दोन प्रकार वेगळे करा. बैलगाडीवाल्यांच्या कोप्या बहुतेक वेळा हंगामभर कारखान्याजवळच असतात. तिथं पत्र्याचे पण पक्क्या जोत्यावरचे संडास सहज होतात. ट्रॅक्टरच्या टोळ्या फिरतात. त्यांच्यासाठी ट्रॉलीवरचा संडास, त्याच ट्रॅक्टरमागं. माझा ढोबळ हिशोब असा : वीस माणसं, माणशी रोज सात लिटर, म्हणजे १४० लिटर. हजार लिटरची टाकी सातव्या दिवशी भरते. ती यंत्रानंच उपसायची आणि मैला प्रक्रिया केंद्रावरच न्यायचा, ओढ्यात सोडायचा नाही. माणसाला टाकीत उतरवायचं तर नावच काढू नका.

प्रश्न : आम्ही गावात राहतो, आमच्या हातात काय आहे?

करार होताना हजर राहा. तीन गोष्टी विचारा. वहीत बाईचं नाव आहे का? संडास कोण देणार हे लिहिलंय का? आणि रात्री तिथं उजेड आणि पाणी असणार का? पुढच्या वेळी आपण पाण्याच्या हिशोबावर बोलू. त्याआधी आपापल्या गावातल्या एका टोळीची माणसं मोजून या, बायका-लेकरांसकट.