सर्व्हर बंद झाला, प्रोसेस गेली नाही

शटडाउन स्क्रिप्टने टॉमकॅटच्या ८००५ पोर्टवर निरोप पाठवला, ८०८० पोर्ट मोकळा झाला, ब्राउझरला उत्तर येईना. तरी ‘पीएस’च्या यादीत जावाची प्रोसेस आहे तिथेच. अशा वेळी बहुतेकांचा हात ‘किल मायनस नाइन’कडे जातो. मला ते पटत नाही. प्रोसेस मरते, पण कोण अडून बसलं होतं याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो आणि पुढच्या डिप्लॉयमेंटला पुन्हा तेच.

आधी जेस्टॅकने थ्रेड डंप घ्यावा. त्यात ‘डिस्ट्रॉयजावाव्हीएम’ दिसला, तर मेन केव्हाच संपलंय आणि जेव्हीएम कुणासाठी तरी खोळंबलंय, हे नक्की. शेवटचा बिगर-डीमन थ्रेड संपेपर्यंत ते आपणहून उठत नाही.

मग सापडतो ‘पूल-१-थ्रेड-१’. त्याचा स्टॅक वरून वाचत यावा: पार्क, अवेट, लिंक्डब्लॉकिंगक्यू.टेक, गेटटास्क, रनवर्कर, रन. संपला. आपल्या कोडची एकही ओळ नाही! थ्रेड रिकाम्या रांगेपाशी कामाची वाट बघतोय. त्याला जन्माला कुणी घातलं, हे डंप सांगत नाही. मग सगळा कोड धुंडाळत ‘न्यूफिक्स्डथ्रेडपूल’ कुठे कुठे लिहिलंय ते शोधत बसायचं. पूल बनवतानाच थ्रेडफॅक्टरी देऊन थ्रेडला ‘इनव्हॉइस-मेल’ असं नाव ठेवलं असतं, तर ही पायपीट वाचली असती. नाव न ठेवलेला पूल मी रिव्ह्यूत पुढे जाऊच देत नाही.

पूल सापडला की काम सोपं: ॲप उतरताना चालणाऱ्या कॉन्टेक्स्टडिस्ट्रॉइडमध्ये त्याला शटडाउन सांगायचं, थोडा वेळ द्यायचा, नाहीच ऐकलं तर शटडाउननाऊ. पण तेही फक्त इंटरप्ट करतं, म्हणजे विनंतीच. थ्रेड जबरदस्तीने थांबवणारं ‘स्टॉप’ १९९८ मध्येच जावा १.२ ने नापसंत ठरवलं, कारण लॉक मध्येच सुटून डेटा अर्धवट बदललेला राहायचा. जेडीके २० पासून ते नुसतं एक्सेप्शन फेकतं. विनंती ऐकणं थ्रेडच्याच हातात. लूपच्या आत कुणी रिकामा कॅच ब्लॉक लिहिला असेल, तर इंटरप्ट तिथेच गिळला जातो आणि लूप पुढे चालू.

सॉकेटवर रीड करत अडकलेल्या साध्या थ्रेडला तर इंटरप्ट पोचतच नाही. तिथे दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेटच बंद करावं लागतं. मग रीड सॉकेटएक्सेप्शन देऊन सुटतं.