माणूस अंतराळात टिकेल का? आधी प्रश्न छोटा करा

पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रस्ताव लिहिताना आपण सगळेच एक चूक करतो: प्रश्न भलामोठा घेतो. 'अंतराळ संशोधनात माणसाला भवितव्य आहे का?' हा तसाच प्रश्न. उत्सुकता बरोबर आहे, पण मोजणार काय? चला, तो लहान करून बघू.

शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आले. स्थानक साधारण ४०० किमी उंचीवर, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला आहे. मंगळाच्या वाटेवर हा आडोसा नाही. क्युरिऑसिटी रोव्हर तिकडे जाताना यानात रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मोजला गेला. जाऊन-येऊन वर्षभराचा प्रवास धरा: सहाशेच्या वर! भारतात किरणोत्साराजवळ काम करणाऱ्यांची मर्यादा वर्षाला सरासरी २० आहे.

हा रोजचा हिशोब. सौरवादळ आलं तर? ऑगस्ट १९७२ मध्ये मोठं वादळ आलं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परतलं होतं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये निघालं. मध्ये चंद्रावर कुणी नव्हतं, हे नशीब.

मग वादळ जास्तीत जास्त केवढं असू शकतं? याचा एक धागा आपल्या नवी मुंबईत आहे. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा वारसा कुलाबा वेधशाळेचा. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्यात चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरला. या नोंदीवर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत २००३ मध्ये शोधनिबंध लिहिला. तब्बल १४४ वर्षांनी!

एक सावधगिरी: ही नोंद चुंबकत्वाची आहे, किरणोत्साराची नाही. त्यावरून अंतराळवीराला किती मात्रा बसली असती हे थेट सांगता येत नाही. कारण सूर्यावरचा प्लाझ्मा पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात (१८५९ मध्ये १७-१८ तासच लागले), पण वेगवान प्रोटॉन कधी कधी अर्ध्या तासात येतात.

आता बघा प्रश्न कसा झाला: 'प्रोटॉन येण्याआधी अंतराळवीराला किती मिनिटं मिळतील, आणि इशारा किती वेळा खोटा ठरेल?' यात एकक आहे, चुकण्याची जागा आहे. माणसाचं भवितव्य अशाच छोट्या उत्तरांवर ठरेल.

आज तुमचा प्रस्ताव काढा. प्रश्नात एकक सापडतंय का, बघा.