जाळायचे, तर भिजवायचे कशाला?

हिंगोली जिल्ह्यात लोहखनिजाची खाण नाही, पण ज्वारी आहे, आणि आजच्या विषयाला तेवढी पुरे. एका नळीच्या खालच्या तोंडाला जाळीचे कापड बांधून तीत ज्वारी भरा आणि वरून फुंका. हवा सहज जाते. आता ज्वारीत बारीक रवा मिसळून पुन्हा फुंका. (फुंकायचेच, ओढायचे नाही.) गाल दुखू लागतील.

हीच अडचण लोहखनिजाच्या चुऱ्याची. गोव्याच्या खनिजात असा चुरा पुष्कळ असतो. झोतभट्टीत तो तसाच टाकला तर वर चढणाऱ्या वायूची वाट बुजते. म्हणून आधी तो भाजून त्याचे सच्छिद्र तुकडे करतात. यालाच सिंटर म्हणतात. रायगड जिल्ह्यात डोलवीच्या पोलाद कारखान्यात हे काम चालते. चुरा, चुनखडी आणि कोकची भुकटी यांचा अर्धा मीटर किंवा अधिक जाडीचा थर सरकत्या जाळीवर पसरतात, वरून पेटवतात आणि पंख्याने खालून हवा ओढतात. आग मिनिटाला साधारण दोन सेंटिमीटर खाली उतरते.

म्हणजे भाजण्यासाठीही हवा थरातूनच जायला हवी! थरातील पोकळी ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आली, तर तेवढ्याच हवेला होणारा अडथळा सुमारे तिप्पट होतो. म्हणून मिश्रणात सहा-सात टक्के पाणी घालून ते फिरत्या पिंपात घोळवतात. संक्रांतीच्या हलव्यात तिळाभोवती पाक चढतो, तशी मोठ्या कणांभोवती भुकटी चिकटते. दाणे बनतात, वाटा मोकळ्या होतात.

आग लागल्यावर मात्र चित्र बदलते. आगीच्या पट्ट्यात तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. तेथे हवा पाचपट फुगते, तिची श्यानता तिप्पट होते आणि वितळलेला रस पोकळ्यांत उतरतो. पट्टा काही सेंटिमीटरचाच, पण साऱ्या थराचा श्वास तोच अडवतो. आम्हाला याहून मजेदार वाटते ती पाण्याची उलटी चाल. दाणे बांधणाऱ्या पाण्याचीच वाफ खालच्या थंड भागात जाऊन पुन्हा पाणी होते आणि तेथील दाणे भिजून चेपतात. यावर उपाय म्हणून मिश्रणात कळीचा चुना घालतात. त्याने दाणे घट्ट होतात. काही ठिकाणी मिश्रण आधीच कोमट करतात, म्हणजे वाफ कमी थिजते.

एवढे करूनही कडेची फट राहतेच. थर आक्रसला की हवा बाजूच्या भिंतीलगत निसटते आणि मधला भाग तिला मुकतो.